घर मालकाचं, लॅपटॉप तुझा

पत्र थोडक्यात : लिहिणारी मुलगी गडहिंग्लज तालुक्यातली, कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रमणमळ्याच्या बाजूला तळमजल्यावरच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये ती आणि तिघी मैत्रिणी भाड्यानं राहतात. घरी शेती आणि म्हशी. वडिलांनी दूध बिलातून हप्ते बांधून तिला ६२ हजारांचा लॅपटॉप घेऊन दिला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आतेभावानं फोनवर सांगितलं, की तिथं भाडेकरूनं सामानाचा विमा काढल्याशिवाय घरमालकानं त्याला चावीच दिली नाही. तेव्हापासून हा विषय तिच्या डोक्यात घोळतोय. मैत्रिणी म्हणतात, "आपल्याकडं कुठलं सोनंनाणं आहे गं?" मालकीण काकू म्हणतात, "बिल्डिंगचा विमा आहे, तुम्ही निवांत राहा." वडील म्हणतात, "पूर आला तर सरकार पंचनामा करतंय, आणि तू सरळ गावी ये." असा विमा आपल्याकडं मिळतो का, घेण्यात अर्थ आहे का, आणि मैत्रिणींना यात ओढावं का, हे तिला विचारायचं आहे.

उत्तर :

तुझा प्रश्न अजिबात खुळा नाही. दरवर्षी जून-जुलैत बाहेरगावची मुलं-मुली राजारामपुरीत, सागरमाळला, राजेंद्रनगरात, कसबा बावड्यात खोल्या घेतात. भाडं किती, डिपॉझिट किती, मेस कुठं, पाणी किती वाजता येतं, एवढं सगळं विचारतात आणि हे एक विचारायचं राहून जातं. म्हणून हे उत्तर तुझ्याबरोबर त्यांच्यासाठीही लिहिते.

आधी मालकीण काकूंचं बघू. त्या खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं उत्तर तुझ्या प्रश्नाचं नाही. बिल्डिंगचा विमा असतो तो भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या, वायरिंग, पाण्याची टाकी यांचा. मालकांनी फ्लॅटमध्ये स्वतःचं कपाट किंवा पलंग ठेवला असेल आणि तो पॉलिसीत घेतला असेल, तर त्याचाही. तुमचं सामान त्यात कुठंच येत नाही. उद्या पाणी शिरलं तर भिंतीच्या गिलाव्याचे पैसे काकूंना मिळतील आणि त्याच भिंतीला टेकवलेल्या तुझ्या टेबलाचे कुणालाच मिळणार नाहीत. काकूंना एवढंच विचार : "काकू, तुमच्या पॉलिसीत आमचं सामान आहे का?" त्यांनाही हे कुणी सांगितलेलं नसण्याची शक्यता आहे.

आता मैत्रिणींचा मुद्दा, की आपल्याकडं आहे काय. यावर वाद घालू नकोस. रविवारी चौघी मिळून वही घेऊन बसा आणि खोलीत जे जे आहे ते आज दुकानातून नवं आणायचं झालं तर कितीला पडेल ते लिहा. जुनं घेतलं होतं म्हणून जुना भाव लावू नका, कारण भिजल्यावर जुन्या भावात कुणी देणार नाही. लॅपटॉप ६२ हजार. फोन पंधरा-सोळा हजार. गादी, उशी, रजई, चादरी. टेबल-खुर्ची. पंखा. कॅल्क्युलेटर, ड्रॉइंगचं साहित्य, पुस्तकं, त्यातली दोन-तीन तरी हजाराच्या घरातली. वर्षभराचे कपडे, बूट-चपला, स्वेटर, रेनकोट, ट्रॅव्हल बॅग. मग चौघींच्यातलं : फ्रिज, मिक्सर, इंडक्शन, भांडी, गिझर तुमचा असेल तर तोही. एकेकीची बेरीज लाखाच्या पुढं गेली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सोनंनाणं नसलं तरी हा तुमच्या आईवडिलांचा एका वर्षाचा नसला तरी एका हंगामाचा पैसा आहे. आणि तुझ्या बाबतीत तर लॅपटॉप बुडाला तरी हप्ते बुडत नाहीत. नसलेल्या लॅपटॉपचे हप्ते दूध बिलातून कापले जात राहतील, आणि सबमिशन करायला दुसरा लॅपटॉप लागेलच. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही आहे.

वडिलांचं म्हणणंही नीट तपासायला हवं. मोठ्या पुरानंतर सरकार मदत देतं हे खरं. २०१९ च्या महापुरानंतर शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. ही मदत कपडालत्ता, भांडीकुंडी, चार दिवसांचं धान्य यासाठी असते आणि घर उभं करायला ती लाखमोलाची ठरते, पण ती लॅपटॉपची भरपाई नव्हे. शिवाय पंचनामा कुटुंबाचा होतो. तुम्ही चार घरच्या चौघी, तुमची रेशनकार्डं चार गावांत. अशा वेळी मदतीच्या यादीत चारही नावं येतील, हे धरून चालणं धोक्याचं आहे.

आणि "सरळ गावी ये" हे ऐकायला सोपं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी होतं आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. तुझ्या वाटेवर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं की एसटीही थांबते. निघायचं तर लवकर निघावं लागतं, आणि लवकर निघणारी मुलगी एक सॅक आणि एक बॅग घेऊन निघते. फ्रिज आणि गादी मागंच राहते.

तू राहतेस तो भाग कोणता, हे तुला तिथल्या कुणीही सांगेल. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन वर्षांच्या अंतरानं आलेले हे दोन पूर १९८९ आणि २००५ च्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या माणसांनाही थक्क करून गेले. रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाकडची बाजू, सुतारवाडा, दुधाळी, या सगळ्या भागांना पाणी माहीत आहे. नदी थेट येते असंही नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही आणि ते मागं शहरात पसरतं. त्यामुळं नदीकाठ दिसत नाही अशा गल्लीतही गुडघाभर पाणी येऊ शकतं. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचार : १९ ला कुठंवर होतं, २१ ला कुठंवर होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पुराचं पाणी कुठंवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या, पाटबंधारे विभागानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषाही आहेत. पुढं कधी खोली बदललीस तर ती या रेषांच्या आत की बाहेर, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं समज.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडं येते. असा विमा आपल्याकडं मिळतो. अमेरिकेसारखी "भाडेकरूंची पॉलिसी" अशी पाटी लावून तो फारसा विकला जात नाही आणि कुठला घरमालक तो मागतही नाही, म्हणून तो कुणाला माहीत नसतो, इतकंच. विमा नियामक आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. घराला आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं ती मिळते आणि तिच्या मूळ अटी सारख्या आहेत. ती घराच्या इमारतीची घेता येते, इमारत आणि सामान दोन्हींची घेता येते, किंवा फक्त सामानाची घेता येते. तुला हवी ती ही शेवटची. शाखेत गेलीस की "भाडेकरूंचा विमा आहे का?" असं विचारू नकोस, समोरचा कदाचित नाही म्हणेल. "भारत गृह रक्षा, फक्त घरातल्या सामानाची, मी भाड्यानं राहते" असं सांग.

त्यात काय येतं? आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं. सामान म्हणजे फर्निचर, टीव्ही-कॉम्प्युटरसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, स्वयंपाकघरातली उपकरणं, कपडे वगैरे रोजच्या वापरातलं सगळं. वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्तीचा खर्च, नसेल तर तशीच किंवा तिच्यासारखी दुसरी घेण्याचा खर्च, तू ठरवलेल्या विमा रकमेच्या मर्यादेत. दागिने, चांदीची भांडी अशा मौल्यवान वस्तू हव्या असतील तर वेगळ्या घ्याव्या लागतात. तुम्ही त्या खोलीवर ठेवूच नका.

इथं तुझ्या आतेभावाला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तिकडच्या साध्या भाडेकरू पॉलिसीत चोरी येते, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी येते, घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडं राहण्याचा खर्च येतो, पण पूर येत नाही. पुराचा विमा तिथं वेगळा घ्यावा लागतो. आपल्या प्रमाणित पॉलिसीत पूर मुळातच आहे. आणि आपल्याकडं जी गोष्ट मुळात नाही ती म्हणजे चोरी. भारत गृह रक्षामध्ये चोरी फक्त तेवढीच धरली जाते, जी आग-पुरासारख्या घटनेमुळं आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झाली. म्हणजे पुरात घर सोडून गेलात आणि मागं कुणी सामान उचललं तर भरपाई मागता येते. पण ऑक्टोबरातल्या एखाद्या दुपारी कुलूप तोडून लॅपटॉप नेला तर या पॉलिसीत काही नाही. त्यासाठी घरफोडीचं कलम असलेली पॅकेज पॉलिसी (म्हणजे अनेक संरक्षणं एकत्र देणारी) किंवा जोड संरक्षण घ्यावं लागतं.

त्या कलमातही एक अट असते, जी खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींनी पक्की लक्षात ठेवायला हवी. बळजबरीनं आत शिरल्याची खूण लागते : तुटलेलं कुलूप, वाकवलेली कडी, कापलेलं ग्रिल. चौघींपैकी कुणीतरी डबा घ्यायला गेली, दार नुसतं लोटून ठेवलं आणि टेबलावरचा फोन गेला, तर बहुतेक पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. घरात राहणाऱ्यापैकीच कुणी नेलं तरी देत नाहीत. त्यामुळं आधी चांगलं कुलूप, मग घरफोडीचा विमा, हा क्रम पाळा. आणि दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली महिनाभर बंद राहते. घर सलग किती दिवस बंद असेल तर संरक्षण थांबतं, हे घेताना विचारून घ्या.

आणखी काय येत नाही ते सांगायलाच हवं, कारण विकणारा ते शेवटी सांगतो. शॉर्टसर्किटमुळं जे उपकरण स्वतःच जळलं त्याचे पैसे नाहीत. त्यातून आग पसरून बाकीचं जळलं तर बाकीच्याचे आहेत. सामान घराबाहेर नेल्यावर या पॉलिसीचं छत्र नाही : कॉलेजच्या लायब्ररीत लॅपटॉप पडला, बसमध्ये विसरला, चहा सांडला, हे सगळं बाहेर. त्यासाठी लॅपटॉपचा वेगळा विमा असतो, पण तो महाग पडतो आणि माझ्या मते तुझ्यासाठी त्याची गरज नाही. चांगली सॅक आणि काळजी पुरे. रोख रक्कम, कागदपत्रं आणि गाडी यांनाही यात जागा नाही.

कागदपत्रांचं तर विम्यानं भरून येण्यासारखंच नाही. दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरवर उतरवून घे. मूळ कागद झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेव. शक्य असेल तर पावसाळ्यापुरते गावीच ठेव.

गाडीचं तुझ्या मैत्रिणीला सांग, कारण तिची स्कूटी खालीच लागते असं तू लिहिलंयस. कायद्यानं सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा, आणि त्यात स्वतःच्या गाडीत पाणी शिरल्याचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण पॉलिसीत आहे का, हे आजच बघा. आणि गाडी पाण्याखाली गेलीच तर बाहेर काढल्यावर स्टार्टर मारू नका. पाणी इंजिनात असताना ती चालू करायला गेल्यानं जे बिघडतं त्याची भरपाई कंपनी नाकारू शकते. ढकलत मेकॅनिककडं न्या.

खर्च किती? फक्त सामानाचा, एक-दोन लाखांचा विमा असेल तर मूळ पॉलिसीचा वर्षाचा हप्ता साधारण काही शे रुपयांत बसतो. घरफोडी जोडली की वाढतो. काही कंपन्या एवढी छोटी रक्कम घ्यायला उत्सुक नसतात, किमान रक्कम सांगतात. मग दुसरीकडं विचार. कोल्हापुरात सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या कंपन्यांच्या शाखा आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव काढायला एक दुपार लागेल. एजंटानं त्याबरोबर आयुर्विमा किंवा आणखी काही गळ्यात मारायचा प्रयत्न केला तर सरळ उठून ये.

मी प्रत्येकानं हा विमा घ्यावाच असं म्हणणार नाही. सागरमाळला तिसऱ्या मजल्यावर राहणारा, ज्याच्याकडं जुना लॅपटॉप आणि दोन बॅगा कपडे आहेत, त्याला चांगलं कुलूप आणि नीट वायरिंग यावर पैसे खर्च करायला मी आधी सांगेन. स्वतःला विचारायचा प्रश्न एकच : आज रात्री हे सगळं गेलं, तर पुढच्या महिन्यात घरच्यांना कर्ज न काढता मी ते परत उभं करू शकेन का? तळमजला, पूरपट्टा आणि चालू हप्ते, असं तुझं तिहेरी गणित आहे. तुझं उत्तर माझ्या दृष्टीनं स्पष्ट आहे : घे. आणि पावसाळा डोक्यावर यायच्या आत घे. विमा न घडलेल्या गोष्टीचा असतो. शिवाजी पुलावरून पाणी बघायला गर्दी झाल्यावर शाखेत गेलीस तर उपयोग नाही.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी मात्र आगीचा विचार सोडू नये. बादलीत हीटरची कांडी टाकून क्लासला जाणं, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इंडक्शन, इस्त्री आणि चार चार्जर, गादीवर चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, हे खोल्याखोल्यांतून चालतं. अशा हलगर्जीपणामुळं मालकांचा फ्लॅट जळला तर मालक भाडेकरूकडून भरपाई मागू शकतात. मालकांचा विमा असला तरी त्यांची विमा कंपनी त्यांना पैसे देऊन नंतर तुमच्याकडून ते वसूल करायला येऊ शकते. म्हणून पॅकेज पॉलिसी घेताना दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचं कलम आहे का, आणि त्यात राहत्या भाड्याच्या घराचं नुकसान धरतात का, हे विचारा. काकूंशी नातं कितीही चांगलं असलं तरी विचारा.

गॅसचंही एक. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सिलिंडरच्या अपघाताचा विमा काढलेला असतो आणि त्यात ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. पण कळीचा शब्द नोंदणीकृत पत्ता हा आहे. गावाकडच्या चुलत्याच्या नावाचा सिलिंडर इथं आणून वापरणाऱ्यांना त्याचा आधार धरता येणार नाही. तुमचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते बघा.

आता मैत्रिणींना ओढायचं का? तुझ्या पॉलिसीत त्यांचं सामान आपोआप येत नाही. घरचं माणूस आणि रूम पार्टनर यांत विमा कंपनी फरक करते. म्हणून "चौघींत एक काढू आणि हप्ता वाटून घेऊ" हे दिसायला स्वस्त वाटलं तरी करू नकोस. दाव्याच्या वेळी ज्यांचं नाव पॉलिसीवर नाही त्यांच्या हाती काही लागणार नाही आणि मैत्रीत कायमची कटुता येईल. ज्यांना पटेल त्या स्वतःच्या नावानं काढतील. ज्यांना नाही पटलं त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांच्या घरची परिस्थिती, त्यांच्याकडचं सामान वेगळं असेल. यादी करण्यापुरतं मात्र सगळ्यांना बसव. फ्रिजसारखी सामाईक वस्तू कुणाच्या नावावर आहे, तेही तेव्हाच लिहून ठेवा. वर्ष संपल्यावर होणाऱ्या वाटणीलाही ते कामाला येईल.

लॅपटॉपचं बिल वडिलांच्या नावावर असेल, असं मी धरून चालते. मग पॉलिसी त्यांच्या नावानं, पण पत्ता कोल्हापूरच्या फ्लॅटचा, असं करता येतं का किंवा तुझ्या नावानं घेतली तर बिल चालेल का, हे कंपनीला ई-मेलनं विचार आणि उत्तर लेखी घे. तोंडी "चालतंय की" वर थांबू नकोस. सोबत भाडेकराराची प्रत लागू शकते. तुमचा करार नोंदणी केलेला आहे का? महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकांची आहे, तरी वहीच्या पानावर सही घेऊन खोली देणारे पुष्कळ आहेत. नोंदणीकृत करार असेल तर तू त्या पत्त्यावर राहतेस हे सिद्ध करायला दुसरं काही शोधावं लागत नाही.

अर्जात खरं लिही. तळमजला आहे, या इमारतीत आधी पाणी आलंय, हे विचारलं तर लपवू नकोस. लपवलेलं दाव्याच्या वेळी उघड होतं आणि तिथं सगळंच अडतं. पॉलिसी हातात आली की तिचा, बिलांचा आणि प्रत्येक वस्तूच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःला ई-मेल करून ठेव. दुकानाचं बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळते, ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरमध्ये सापडतं.

आणि विमा घेतला म्हणून सामान खाली सोडून जायचं नाही. पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की गाद्या माळ्यावर, इलेक्ट्रॉनिक वस्तू वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं. फ्रिज उचलायला चौघी पुरणार नाहीत, त्यासाठी गल्लीतल्या तालमीच्या पोरांना आधीच सांगून ठेवा, अशा वेळी ती धावून येतात. घर सोडताना मेन स्विच बंद करा.

एवढं करूनही नुकसान झालं, तर पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा होते ती गाळ काढून सगळं बाहेर फेकण्याची. थोडं थांबा. आधी प्रत्येक वस्तूचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो आणि व्हिडिओ काढा. कंपनीला लगेच कळवा, दाव्याचा क्रमांक घ्या. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत खराब झालेल्या वस्तू एका बाजूला ठेवा. महापालिकेची गाडी कचरा उचलायला आली तर कंपनीला फोन करून, फोटो पाठवून, मगच द्या. सरकारी पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत मागून घ्या. चोरी झाली असेल तर पोलीस ठाण्यात एफआयआर आधी. दावा नाकारला किंवा रक्कम फारच कमी दिली असं वाटलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करा, आणि तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडं जाता येतं. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तिथं तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

वडिलांना हे कसं सांगायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ती काळजी दिसते. "तुम्ही दिलेल्या वस्तूवर विश्वास नाही" असा अर्थ त्यांनी काढू नये, असं तुला वाटतंय. त्यांना म्हशींचा विमा माहीत असेल. दूध संस्थेत कुणाची ना कुणाची म्हैस दगावल्यावर विम्याचे पैसे आल्याचं त्यांनी पाहिलं असेल. त्याच भाषेत बोल. यादी त्यांच्यासमोर ठेव, हप्ता किती ते सांग आणि पहिल्या वर्षाचा तुझ्या स्कॉलरशिपमधून किंवा खर्चाच्या पैशांतून भर. फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि तो भाग पुराचा आहे, हे त्यांना अजून नीट सांगितलं नसशील, तर तेही याच बोलण्यात सांगून टाक.

करार कधी संपतो ते बघ. नूतनीकरणाच्या वेळी काकूंना एक ओळ घालायला सांग : पुरामुळं किंवा आगीमुळं फ्लॅट राहण्यालायक उरला नाही तर त्या दिवसांचं भाडं घ्यायचं नाही, आणि घर सोडावं लागलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल. आणि त्याच इमारतीत वरचा मजला रिकामा होत असेल, तर भाडं पाचशे-हजारानं जास्त असलं तरी आधी तो मागून घे.